सायीच्या रंगाची तबकडी

आम्हा घड्याळे जमवणाऱ्यांची मंडळी अधूनमधून चहाला जमते. परवा देशमुखांनी तिथे एक नवे, महागडे क्रोनोग्राफ घड्याळ आणले. एका जुन्या घड्याळाबरहुकूम घडवलेले. त्याची सायीच्या रंगाची तबकडी पाहून सगळे हरखले.

"हुबेहूब मूळ रंग!" देशमुख म्हणाले.

"साफ खोटे," मी म्हणालो. "मूळ तबकडी पांढरीशुभ्र होती. मी ते जुने घड्याळ त्या काळी कोरे घेतले आहे."

"काका, आम्ही पाहिलेली सगळी जुनी घड्याळे अशीच आहेत."

"मग तुम्ही त्यांचे म्हातारपण पाहिलेत, बारसे नव्हे!"

हशा पिकला. मी ऐटीत मनगटावरचे तेच जुने घड्याळ सोडून नव्याशेजारी ठेवले. दोन्हींचा रंग एकच होता. देशमुख मिशीतल्या मिशीत हसले. माझा एकुलता एक साक्षीदार भर सभेत उलटला होता.

तरीही तबकडी पांढरीच होती, हे मी शपथेवर सांगेन. ते पांढरेपण आता केवळ माझ्या शब्दावर उभे आहे. मी गेलो की ते कधी नव्हतेच, असे ठरेल. जन्मतःच वार्धक्याचा रंग ल्यालेल्या त्या नव्या घड्याळाला मी नावे ठेवतो, ती उगाच नव्हे.

परंतु एक कोडे सुटत नाही. इतकी वर्षे मी रोज त्या तबकडीकडे पाहत आलो. मग ती पिवळी होत असताना मी नेमके काय पाहत होतो?