खामपाईच्या डब्यातली एक कॅप्सूल

खामपाईचे हात कोपरापर्यंत निळे. थायलंडमधल्या फ्रे गावात चाळीस वर्षं निळीच्या रांजणात कापड बुडवून ते तसेच झालेले. साबणाने कितीही घासा, रंग जायचा नाही. दोन वर्षांपूर्वी रांजण सरकवताना तिचा मणका मोडला आणि तपासण्यांत निघाला मल्टिपल मायलोमा, हाडांच्या मगजातला कॅन्सर. डॉक्टरांनी थॅलिडोमाइड सुरू केलं. दुखणं हळूहळू ओसरलं, बाई पुन्हा रांजणाशी उभी राहिली. बोटांना मुंग्या यायच्या, पण त्याचं तिला काही वाटायचं नाही. झोप मात्र अशी लागायची, की तिची बढाई तिने गल्लीभर मारली.

"एक कॅप्सूल घेतली की झालं! कोंबडा आरवून आरवून दमतो, मी कूससुद्धा बदलत नाही."

इस्पितळात औषध देणाऱ्या बाई दर महिन्याला बजावायच्या: ही दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. मूल होण्याच्या वयातल्या बाईने तर हातही लावायचा नाही, पोटातल्या बाळाचे हातपाय धड वाढत नाहीत. खामपाई मान डोलवायची. एकसष्ट वर्षांच्या बाईला हे कशाला सांगतात, असं मनात म्हणायची आणि घरी येऊन डबा चुलीवरच्या फळीवर ठेवायची.

आमच्या गल्लीत औषध म्हणजे मिरचीचा ठेचा. ज्याच्याकडे आहे त्याने द्यावं, नाही त्याने उचलावं. उरलेल्या गोळ्या शेजारणीपासून लपवणारी बाई कंजूष ठरते, आणि कंजूष हा आमच्याकडे कॅन्सरहून मोठा रोग.

त्या गुरुवारी तपासणीला जायचं होतं. उरलेल्या कॅप्सूल मोजून दाखवाव्या लागतात, म्हणून तिने डबा उघडला. नऊ हव्या होत्या, आठच निघाल्या. काल घरात साइफोनच तेवढी येऊन गेली होती, तिच्या बहिणीची मुलगी. नवऱ्यासाठी चिकट भात न्यायला आली होती आणि झोप लागत नाही म्हणून कुरकुरत होती. लग्नाला आठ वर्षं झाली, मूल नाही. गावातला एकही देव तिने नवसातून सोडला नव्हता.

खामपाईने डबा तसाच टाकला. मोडक्या पाठीनिशी ती धावत साइफोनच्या घराच्या जिन्याशी पोचली.

"माझी कॅप्सूल तू उचललीस?"

"उचलली की! एका कॅप्सूलसाठी धावत आलीस? मावशी, आजारपणाने अगदीच चिक्कू झालीस गं."

"गिळलीस का ते सांग!"

तिचा चेहरा पाहून साइफोनचं हसू मावळलं. घड्याळामागून तिने कागदाची पुडी काढली.

"नाही गं, ही बघ. चार दिवस झाले, पोटात काही ठरतच नाही. भाताच्या वासानेसुद्धा ओकारी येते. म्हटलं, ओकून वाया घालवण्यापेक्षा पोट ठीक झालं की घेऊ."

खामपाईने पुडी हिसकावून घेतली. भाताच्या वासाचं मग तिच्या डोक्यात शिरलं. तिची स्वतःची तीन बाळंतपणं झालेली.

"पाळी कधी आली होती?"

साइफोन बोटांवर मोजायला लागली आणि मध्येच थांबली.

खामपाई तिथेच पायरीवर बसली. आपल्या बढाईने काय होऊ घातलं होतं, ते आता तिला कळलं आणि तिला रडू आवरेना. बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं.

"आधी हात धुऊन ये," ती म्हणाली. "आणि यापुढे माझ्या घरातून भातसुद्धा विचारल्याशिवाय नेलास, तर याद राख."