राखणीचा कोंबडा

माझ्या भाचीच्या पोल्ट्रीत रोग शिरला तो माझ्या काखेत बसून. पंधरा वर्षं झाली, अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पनवेलच्या पुढे तिने दोन शेड बांधल्या होत्या, एक खाली, एक टेकाडावर. आम्ही मूळचे मालवणकडचे. नव्या जागेच्या राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, कोंबडा दिल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. लालबागच्या बाजारातून मी चांगला तुरेवाला घेतला. जरा पेंगत होता. मला वाटलं, स्वभावाने गरीब आहे. मोठी आली कोंबड्यांचे स्वभाव ओळखणारी!

भाची खाद्य आणायला गेली होती. खालच्या शेडच्या दारावर पाटी : बाहेरच्यांना प्रवेश बंद. मी काय बाहेरची? दाराशी औषधाच्या पाण्याचं घमेलं, त्यात पाय बुडवून आत जायचं. माझ्या चपला नव्या कोऱ्या. कामाची बाई "ताई, नको, नको" म्हणत मागे धावली, तिलाच मी दटावलं, साडी वर धरली आणि घमेल्यावरून उडी मारली. कोंबडा सगळ्या शेडभर फिरवला, मग बाहेर झाडाखाली राखण दिली आणि भोईवाड्याला परत आले. कृतकृत्य!

आठवड्याभरात खालच्या शेडमधल्या कोंबड्या माना पिरगळून पडू लागल्या. मानमोडी. पुढची लस चार दिवसांवर होती.

भाचीचा फोन आला तेव्हा मी थोरल्या भावाच्या, दादाच्या खोलीत होते. फोन स्पीकरवर. ती म्हणाली, "डॉक्टर इथेच आहेत. रोग खाद्यातून, पाण्यातून आला असेल तर दोन्ही शेड गेल्या. शेडमध्ये बाहेरचं कोण शिरलं होतं का, विचारतायत. बाई तर तोंडच उघडत नाही."

उघडेल कशी? मीच दटावलेली ना!

दादा फोनवर ओरडला, "राखण उशिरा दिलंस, म्हणान देव कोपलो! बायलमाणसान धंदो केल्यार असांच होतला!"

ती पोर पलीकडे ऐकून घेतेय, आणि मी चहाच्या कपातली साय काढतेय. दादाचा संताप येतोच, पण त्या साय काढणाऱ्या बाईचा जास्त. शेवटी तोच संताप तोंडातून बाहेर पडला.

"दादा, तू गप रव! देव नाय कोपलो. बाजारचो कोंबडो मी नेलंय, शेडीत फिरवलंय, पायसुद्धा बुडवूक नाय!"

पलीकडून डॉक्टरांचा आवाज, "वरच्या शेडमध्ये गेला होतात?"

"नाही. गुडघे दुखत होते."

आयुष्यात एकदाच ते गुडघे कोणाच्या उपयोगी पडले. खालची शेड संपली. वरच्या शेडचं खाद्य, भांडी, माणूस सगळं त्याच दिवशी वेगळं केलं, ती वाचली.

महिन्याने मी फोन केला, येऊ का म्हणून. भाची म्हणाली, "मावशी, तू बोललीस म्हणून वरची वाचली, ते विसरणार नाही. पण खालची गेली, तेही नाही विसरणार. एवढ्यात येऊ नकोस. मला नीट रागावू दे."