डायनोसॉरचं सुतक आणि वणीचा डोंगर

नाशिक रोडला ताईच्या घरी पोचले तेव्हा घरात डायनोसॉरचं सुतक चालू होतं. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, कॉलेजात भूशास्त्र शिकवतात. आपल्या सह्याद्रीतून वाहिलेल्या लाव्हाने आणि त्याच्या धुराने डायनोसॉर मेले, असं त्यांचं ठाम मत. त्यावर ते माझ्या लग्नाच्या आधीपासून पुस्तक लिहीत होते. आता परदेशातल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की आभाळातून एक प्रचंड दगड पडला आणि त्याने सगळा कारभार आटोपला. वर्तमानपत्रात ते वाचल्यापासून भाऊजी नीट जेवत नव्हते. याच विषयावरचं कॉलेजातलं गुरुवारचं भाषण रद्द करणार आणि पुस्तक बंबात घालणार, असं त्यांनी ताईला सांगून टाकलं होतं.

“यांना कुठंतरी फिरवून आण गं,” ताई स्वयंपाकघरात मला म्हणाली. “कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्यांसाठी माझा जिवंत नवरा झुरतोय. पुस्तक जळलं तर हा माणूस उरायचा नाही.” ती खरंच घाबरली होती.

सकाळी आम्ही वणीवरून नांदुरीला जाणारी एसटी पकडली. मी नागपूरची, मला सप्तशृंगीचं दर्शन हवं होतं. भाऊजी पक्के नास्तिक, ते ‘डोंगर बघायला’ आले. दिंडोरीच्या बाजूला रस्त्याकडेने द्राक्षांचे मांडव होते, भाऊजींनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वणीच्या स्टँडवर मी भत्ता (चुरमुरे, शेव, शेंगदाण्यांचं तिखट मिश्रण) घेतला. पुढच्या खड्ड्यात बसने अशी उडी मारली, की अर्धा भत्ता माझ्या पदरात आणि अर्धा शेजारच्या आजोबांच्या टोपीवर. आजोबांनी तो वेचून खाल्ला. भाऊजींनी एक दाणाही घेतला नाही.

नांदुरीहून आम्ही रडतोंडीचा घाट (गडावर जायची जुनी पायवाट) चढू लागलो. नाव कुणी ठेवलं ते ठाऊक नाही, पण त्याने माझा चेहरा पाहिला असावा. एका वळणावर काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये तांबडा पट्टा दिसला. भाऊजी थांबले आणि त्यावर हात ठेवून उभे राहिले.

“गुरुजी, काय पडलंय का तुमचं?” मागून झेंडूची पाटी घेतलेल्या एका मावशींनी विचारलं. नाशिकजवळच्या मळ्यातली त्यांची सगळी भावकी सोबत होती.

भाऊजींना राहवलं नाही. खालचा काळा थर म्हणजे एकदा वाहिलेला लाव्हा, तो निवल्यावर वर माती साठली, तिच्यावर पुन्हा लाव्हा आला आणि माती विटेसारखी भाजली, असं त्यांनी समजावलं. मग डायनोसॉरही सांगितले.

“डोंगरानं मारले म्हणता ना? मंग मारलेच असतील,” मावशी म्हणाल्या. “आईनं हितंच महिषासुर मारला. त्याच्यापुढं तुमचे सरडे काय?”

“बरोबर हाय,” भावकीतले एक फेटेवाले काका म्हणाले. “यात इचारायचं काय?”

भाऊजींना आयुष्यात पहिल्यांदा एकमताने पाठिंबा मिळाला होता. मला वाटलं, खुलतील. ते भडकले.

“असे कसे मारलेच असतील? पुरावा नको?” आणि आमचे भाऊजी चक्क शत्रूची वकिली करू लागले. “त्या लोकांना ठिकठिकाणी मातीचा एक पातळ थर सापडलाय. जमिनीवर दुर्मीळ आणि आभाळातल्या दगडांत भरपूर असा धातू आहे त्यात. याला काय उत्तर आहे?”

“आमच्याकडं नाय,” काका म्हणाले.

“माझ्याकडंही नाही.”

“म्हंजे तुमी हरले का, गुरुजी?” मावशींनी काळजीने विचारलं.

भाऊजींनी तांबडा पट्टा नखाने खरवडून पाहिला. “नाही. जिंकलोही नाही. आपला लाव्हा नेमका कधी वाहिला, किती काळ वाहिला, हेच अजून धड मोजलेलं नाही. ते मोजायला हवं.”

“मंग मोजा की,” मावशी म्हणाल्या आणि पाटी सावरत पुढे गेल्या.

गडावर मी दर्शन घेतलं. भाऊजी हात न जोडता मूर्तीमागचा खडक एकटक न्याहाळत राहिले. पुजाऱ्याला ती भक्ती वाटली आणि प्रसाद त्यांना माझ्या दुप्पट मिळाला. परतीच्या बसमध्ये त्यांनी तो सगळा खाल्ला, मला विचारलंसुद्धा नाही.

“मग कोणी मारले?” रात्री वाढताना ताईने विचारलं.

“माहीत नाही,” भाऊजी भरल्या तोंडाने म्हणाले. “गुरुवारी तेच सांगणार आहे. भात वाढ.”

आमच्या घराण्यातल्या पुरुषांना सगळंच माहीत असतं, माझ्या नवऱ्यासकट. ‘माहीत नाही’ हे इतक्या आनंदाने म्हणणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला आणि मला त्यांचा फार अभिमान वाटला. भात आणायला गेलेली ताई लवकर आली नाही, म्हणून आत डोकावले. ती पदराने डोळे पुसत होती आणि हसत होती.

“आता आणखी दहा वर्षं संपत नाही गं ते पुस्तक,” ती म्हणाली.