मेंढीच्या रक्तावर वाढणारे जंतू

न्यूमोनियाचे जंतू खाण्याच्या बाबतीत फार नखरेल असतात. साध्या प्लेटवर, म्हणजे प्रयोगशाळेत बशीत थिजवलेल्या खाद्यावर, ते वाढत नाहीत. त्यांना रक्त लागतं, आणि ते मेंढीचं असेल तर उत्तम. तयार प्लेटी बाहेरून मागवल्या तर सोलापूरच्या उन्हात आमच्यापर्यंत पोचेस्तोवर त्या पापडासारख्या व्हायच्या. म्हणून मी शहराबाहेरच्या एका धनगराशी बोलून ठेवलं होतं. त्याच्या कळपातल्या एका ठरलेल्या मेंढीच्या मानेतून मी दर महिन्याला थोडं रक्त काढायची आणि बर्फाच्या डब्यात घालून स्कूटरवरून आणायची. सात रस्त्याच्या गर्दीत कुणी मागून हॉर्न मारला की मी डबा पायांमध्ये घट्ट धरायची.

मी डॉक्टर आहे, पण रुग्ण तपासत नाही. माझं काम बेडक्यात. खोकून पडलेला बेडका प्लेटवर लावायचा आणि काय उगवतं ते बघायचं. माझ्या संशोधनाचा विषय त्याच्या थोडा पुढचा होता. छातीत जंतू शिरले की त्यांच्याशी लढताना फुप्फुसाला सूज येते, तिला आम्ही दाह म्हणतो. जंतू मेले की ती उतरायला हवी. काही जणांची उतरत नाही, आणि मग जंतूंनी केलं नाही तेवढं वाटोळं ती सूज करते. टॉवेल-चादरींच्या कारखान्यांत वर्षानुवर्षं सुताचा धुरळा खाल्लेल्या लोकांत हे जास्त होतं, जंतू नसतानाही होतं, असं माझं मत होतं. मत कसलं, हट्टच होता तो.

एकदा रक्त काढायला गेले तर मेंढीच्या मानेवर आधीच्या सुईच्या जागी पू झालेला. मी त्या धनगराला वाट्टेल तसं बोलले. जागा स्वच्छ ठेवता येत नाही का, जनावराची काळजी नाही का, पुन्हा असं झालं तर दुसरा कळप बघेन. खरं म्हणजे सुई मी टोचली होती. तो वयाने माझ्यापेक्षा मोठा, पण खाली मान घालून ऐकत राहिला. नंतर कधी तसं झालं नाही, तेव्हा माझ्या बोलण्याचा उपयोग झाला असं मी धरून चालले.

त्यानंतरच्या महिन्यांत माझ्या प्लेटी रिकाम्या राहू लागल्या. कारखान्यातली माणसं तापाने फणफणलेली, एक्स-रेत फुप्फुस पांढरं, आणि प्लेटवर न्यूमोनियाच्या जंतूंचा पत्ता नाही. दुसऱ्या कुणाच्या प्रयोगशाळेत हे घडलं असतं तर मी शंभर प्रश्न विचारले असते. इथे मात्र मला हवं तेच दिसत होतं, म्हणून मी खुशीत होते. प्लेटी चांगल्या आहेत का ते बघायला दर वेळी त्यांच्यावर ओळखीचा एक जंतू वाढवून बघायचा असतो. त्यासाठी ठेवलेला न्यूमोनियाचा जंतू फ्रीजरमध्ये मरून गेला होता आणि नवा मागवायचा मी आळस केला. त्याच्याऐवजी गळवातला एक दांडगा जंतू वापरला. तो भरघोस वाढायचा. प्लेटी पास.

आमच्या रुग्णालयात एक बाई दाखल झाली ती याच काळात. टॉवेलच्या कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. घरात कन्नड, बाहेर मराठी. तिचा बेडका मीच घ्यायला गेले, कारण असले रुग्ण मला माझ्या अभ्यासासाठी हवे होते. शेजारी तिची सून उभी होती, सासूच्या तोंडापुढे डबी धरून. सासू खोकल्यातून दम मिळेल तेव्हा एकच सांगत होती, "हिनंच केलं हे. तापात डोक्यावरून पाणी घातलं. तिथनंच छातीत गेलं." सुनेने डबीला झाकण लावून ती माझ्याकडे दिली. मी काही बोलले नाही. घरगुती भांडणात पडायचं नाही हा माझा जुना नियम.

दोन दिवसांनी प्लेट कोरी निघाली. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र न्यूमोनियाचे बसतात तसे जोडीजोडीने बसलेले जंतू थोडेसे दिसले होते. मेलेले असतील, असं मी ठरवून टाकलं. वॉर्डातल्या डॉक्टरने फोनवर दोनदा विचारलं, "मॅडम, अँटिबायोटिक नक्की बंद करू?" मी म्हटलं, "जंतू नाहीतच तर मारणार कुणाला? सूज उतरायचं औषध द्या." त्याने ऐकलं.

आठवड्याभरात तिच्या फुप्फुसाभोवती पू साठला. छातीत नळी घातली, मग ऑपरेशन. ती वाचली, पण डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग पुन्हा उघडला नाही. तो पू माझ्याकडे आला. काचेवर पाहिला तर त्या जोड्यांची नुसती जत्रा भरलेली. आणि दुसऱ्या दिवशी प्लेट कोरी. एवढे सगळे मेलेले असतील, असं म्हणायला मलासुद्धा जमेना. म्हणजे खोट प्लेटीतच, त्यांत घातलेल्या रक्तातच असणार.

मी तशीच धनगराकडे गेले. मेंढीला काही औषध देता का, असं विचारलं.

"व्हय की. तुमी येनार म्हनलं की आदल्या दिशी पेनिशिलीनची सुई देतो."

"कधीपासून?"

"मानंला पू झाला हुता न्हवं, तवापासनं. तुमी लई बोलला हुता. म्हनलं, परत बोल नगं." त्याने मेंढीची मान वर करून दाखवली. "बगा की, कुटं डाग न्हाय."

मान खरोखर स्वच्छ होती. मेंढीच्या अंगातलं पेनिसिलीन रक्तात, रक्तातलं माझ्या प्लेटमध्ये. न्यूमोनियाचा नाजूक जंतू त्यावर टिकणं शक्यच नव्हतं आणि गळवातल्या त्या दांडग्याला पेनिसिलीनचं काहीच वाटत नव्हतं. मी धनगराला सगळं समजावून सांगितलं. तो घाबरला. चूक तुमची नाही, असं मी त्याला म्हटलं, पण त्याच्या चेहऱ्यावरून त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

सुई न दिलेल्या दुसऱ्या मेंढीचं रक्त आणून मी नव्या प्लेटी केल्या आणि जपून ठेवलेला पू लावला. सकाळी प्लेटभर बारीक ठिपके, प्रत्येकाभोवती न्यूमोनियाच्या जंतूचं ओळखीचं हिरवट कडं. पुस्तकात छापावी अशी ती प्लेट होती आणि मला तिच्याकडे बघवेना.

पुढचं काम कागदी होतं. त्या कोऱ्या प्लेटींच्या आधारावर लिहून छापायला पाठवलेला लेख मागे घेतला. जुने रिपोर्ट काढून एकेका डॉक्टरला फोन केले. बाकीच्यांनी माझ्या रिपोर्टवर विश्वास न ठेवता औषधं चालू ठेवली होती, हे त्या रुग्णांचं नशीब. रुग्णाला सांगायची गरज नाही, उगाच वाढेल, असं वरिष्ठांचं मत पडलं. मलाही ते मत आवडलं होतं, हे कबूल करते. महिनाभर मी त्याच मताची होते.

शेवटी त्या बाईच्या घरी गेले. ती दारात बसून मेथी निवडत होती. चार जुड्यांत तिला तीनदा थांबावं लागलं. कारखान्याचं काम सुटलं होतं. सून कुठे आहे, असं मी विचारलं.

"दुधनीला. माहेरी. आपरेशन झालं तसं पोरानं तिला नेऊन सोडलं." मग दम घेऊन म्हणाली, "मीच म्हणले सोड म्हणून. माझी छाती घालवली तिनं."

मला बसायला सांगितलं नव्हतं, तरी मी उंबऱ्याशी बसले. सगळं सांगितलं. मेंढी, सुई, कोरी प्लेट, वॉर्डातला फोन. डोक्यावरून घातलेल्या पाण्याचा याच्याशी काही संबंध नव्हता, हेही सांगितलं. औषध बंद करा असं मी म्हटलं म्हणून हे झालं, हे वाक्य मी आठवडाभर घोकलं होतं, तरी तोंडात अडखळलं. ती ओरडेल, शिव्या देईल, याची मी तयारी केली होती. तिने हातातली मेथीची काडी खाली ठेवली.

"त्या दिवशी तुमच्यासमोरच बोलले मी तिला," ती म्हणाली. "तेव्हा काय बोलला नाही तुम्ही."

तिने मोबाइल काढला, नंबर लावला, कन्नडमध्ये दोन शब्द बोलली आणि फोन माझ्या हातात दिला.

"तिला सांगा," ती म्हणाली.

मी सुनेला सांगितलं. पहिल्यापासून, एकही गोष्ट न गाळता. मग ती म्हणाली, "बाई, जरा थांबा. घरातले सगळे बाहेरच्या खोलीत हायत. मी तिथं जाऊन स्पीकर लावते. परत एकदा पहिल्यापासनं सांगा."

मी परत पहिल्यापासून सांगितलं.