मी उभी राहून करून घेतलेली भिंत

आजचीच गोष्ट, लगेच लिहिते.

सकाळी आई आंघोळ करून बाहेर आली आणि पाठोपाठ बाथरूममध्ये धाडकन आवाज झाला. भिंतीवरची मोठी टाइल निखळून थेट तिच्या बसायच्या स्टुलावर पडली होती. पालेगावच्या या फ्लॅटमध्ये टाइल्स लावून वर्षही झालं नाही.

टाइल्स लावणाऱ्या मिस्त्रींना मी फोनवर नको नको ते बोलले. ते जांभूळ गावाहून तासाभरात आले आणि त्यांनी पडलेली टाइल उलटी केली. मागे टाइल चिकटवायच्या अ‍ॅडेसिव्हचे पाच सुके गोळे होते, बाकी सगळी कोरी.

"ताई, मी दातेरी थापीने सगळीकडे सारखं पसरवत होतो. तुम्हीच बोललात, अर्धा माल खरवडून काढताय, त्यापेक्षा जाड गोळे लावा."

बोलले होते खरी. त्या दिवशी मुद्दाम सुट्टी टाकून त्यांच्या डोक्यावर उभी होते.

मग त्यांनी चारही भिंती बोटांनी वाजवून दाखवल्या. तीन भरीव वाजल्या. ही एकच वरपासून खालपर्यंत पोकळ.

त्या तिन्ही भिंती मी ऑफिसला असताना झाल्या होत्या.

तुमच्या घरात तुम्ही स्वतः उभं राहून करून घेतलेली भिंत कुठली? आधी ती वाजवून बघा.