उलट्या गिअरची गाडी

शालू गेली, त्याला महिना होत आला. हॉस्पिटलात आमचं शेवटचं बोलणं झालं तेही काही देवाधर्माचं नव्हतं. डोळे मिटून पडली होती, मला वाटलं झोपलीय… तर म्हणाली, "गाडी पुसलीस का रे?" म्हटलं, "पुसली." "खोटारडा!" म्हणाली आणि हसली. नंतर भेटायला येणारा प्रत्येकजण ती किती सोशिक होती ते मला सांगून गेला. कुणाबद्दल बोलत होते कोण जाणे. माझी बायको अजिबात सोशिक नव्हती, आणि मला ती तशीच आवडायची.

गाडी तिच्या वडिलांची. गिरणीतल्या विलायती साहेबाने मायदेशी जाताना आपल्या फिटरला देऊन टाकलेली जुनी मोटारसायकल. त्यांच्याच हाताखाली शालू पान्हे आणि गाडी दोन्ही चालवायला शिकली. एकोणीसशे ऐंशीच्या आसपास ते वारले तेव्हा गिअरचे दाते पार झिजले होते आणि गाडी भांडुपच्या चाळीत जिन्याखाली धूळ खात होती. आमचं लग्न नुकतंच झालं होतं. वर्षश्राद्ध उरकल्यावर तिचा थोरला भाऊ अनंता म्हणाला, "दसऱ्याक चालती झाली तर तुझी. नायतर भंगारवालो नेतलो." बापाची तेवढी एकच वस्तू तिला हवी होती.

तसा गिअरबॉक्स कुठेच मिळेना. अखेर खारदांड्यात एका म्हाताऱ्या कोळ्याकडे त्याच कंपनीची, पण दुसऱ्या मॉडेलची गाडी सापडली. खाऱ्या हवेने सांगाडा सडलेला, तेलात बुडालेले गिअर मात्र शाबूत. "ने गो पोरी," एवढंच तो म्हणाला. परतताना पिशवी माझ्या मांडीवर होती. कंडक्टरने नाक मुरडून ती मासळी खाली ठेवायला सांगितली, तर शालू म्हणाली, "मासळी नाय ती, गिअर आहेत. वास घ्यायचाच तर नीट घ्या ना!" घरी आल्यावर कळलं, बसवायच्या पट्ट्यांची भोकं जुळत नाहीत. रोज ऑफिसातून आल्यावर ती पदर खोचून कानस घेऊन बसायची. चाळ हसायची, मीही थोडा हसायचो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गिअरबॉक्स बसला, चेन ताणून झाली. आता किक मारणार, तेवढ्यात सासूबाई आडव्या आल्या. पूजा होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही! शालू कुणाचं ऐकत नसे, आईचं ऐकलं.

सकाळी हळदकुंकू झालं, झेंडूचा हार चढला, नारळ फुटला. सगळी चाळ जमलेली. इंजिन पहिल्या किकला सुरू झालं. तिने नेहमीसारखा पायाने गिअर खाली दाबला आणि गाडी गचका खाऊन बंद. पुन्हा तेच. पहिल्याऐवजी दुसरा गिअर पडत होता. दुसऱ्या मॉडेलचे गिअर उलटे होते, आणि पूजेच्या नादात कुणी ते पाहिलंच नव्हतं. "वाट लागली!" अनंता म्हणाला. "उलट्या गिअरची गाडी घेऊन मरशील खंयतरी. भंगारातच जाऊंदे."

शालूने पाय लिव्हरखाली घातला, वर उचलला. गाडी हलली. पुढे जाऊन, वळून ती परत आली.

"चालती झाली तर, म्हणालास. सरळ चालली पायजे असं कधी म्हणालास?"

मग ती माझ्याकडे वळली. चारचौघांत मला अहो-जाहो करणारी बाई म्हणाली, "बघतोस काय? बस रे मागे!" मी बसलो. बायकोच्या मागे बसतो म्हणून मुलुंडपर्यंत लोक हसले, आणि पुढेही कितीतरी वर्षं हसत राहिले. हसा म्हणावं. तुमच्या बायकांना येते का चालवता? तिने गिअर कधीच सरळ करून घेतले नाहीत. मागायला आलेल्याला ती खुशाल किल्ली द्यायची, आणि तो गचके खात दोन मिनिटांत परत यायचा.

परवा अनंताचा मुलगा मेकॅनिकला घेऊन आला. पोरगा चांगला आहे. म्हणाला, "काका, आत्याची गाडी मी नेतो. गिअर तेवढे सरळ करून घेतो, हा म्हणतो तासाभराचं काम आहे."

म्हटलं, गिअरला हात लावायचा नाही. गाडीही कुठे जाणार नाही.

"पण काका, तुम्हाला तर चालवता येत नाही…"

ते दोघे गेल्यावर मी फडकं घेऊन गाडी पुसली. या वेळी खरंच पुसली. मग स्टँडवरच्या गाडीवर चढून बसलो… मागच्या सीटवर.