पट्टीवरचं बोट

टेनिस बघायला येणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांनी बोटमास्तरांना कधी पाहिलेलं नसेल. म्हणजे ते समोरच असायचे, पण कुणाच्या नजरेत भरायचे नाहीत. मी पंचाच्या उंच खुर्चीवर, आणि माझ्या पायाशी, जाळीच्या खांबाला खेटून, एका बुटक्या स्टुलावर ते. जाळीच्या वरच्या पांढऱ्या पट्टीवर उजव्या हाताचं पहिलं बोट टेकवायचं आणि सर्व्हिसचा चेंडू पट्टीला घासून गेला तर 'नेट' असं ओरडायचं, म्हणजे ती सर्व्हिस पुन्हा. चेंडू पलीकडे पडला की बोट उचलायचं. एवढंच काम. जाळीला यंत्रं लागली नव्हती तेव्हाची ही गोष्ट.

एरवी ते कापडाच्या गोदामात माल तपासायचे. तागा उलगडायचा, डोळे मिटून त्यावरून बोट फिरवायचं आणि धागा कुठे तुटलाय ते सांगायचं. स्पर्धा आली की वर्षाची सगळी रजा त्या दहा दिवसांत संपवायची, असं बावीस वर्षं चाललं होतं. त्यांच्या बायको, आमच्या काकू, म्हणायच्या, घरात धूळ कुठे आहे हे यांना बोट फिरवून बरोबर कळतं, झाडू फिरवायचं मात्र कळत नाही. यावर मास्तर नुसते हसायचे.

माझ्या पहिल्याच वर्षी आमची जुंपली. माझा स्वभाव तापट, त्यात नवी खुर्ची. एक सर्व्हिस मला लख्ख, कुठेही न लागता गेलेली दिसली आणि मास्तर ओरडले 'नेट'. सर्व्हिस करणारा माझ्याकडे बघतोय, प्रेक्षक हुर्यो करतायत, आणि मला वाटलं, म्हातारबुवा बसल्या जागी पेंगले. ते शांतपणे म्हणाले, बाई, खाली उतरून बघा. मी तणतणत उतरले. पट्टीवर, बरोबर मधोमध, चेंडूची चिमूटभर पिवळी लव चिकटलेली होती. ती लव बघायला मला डोळे बारीक करावे लागले. या माणसाला ती दहा-बारा हातांवरून एका बोटाला कळली होती. त्या दिवसापासून मी त्यांच्यापुढे आवाज चढवला नाही, आणि मला ओळखणारे सांगतील, हा माझ्याबाबतीत चमत्कारच होता.

मास्तरांचा जीव पुरुष दुहेरीवर. एकेरी म्हणजे दोन माणसांचं लांबून भांडण, असं ते म्हणत. दुहेरीत चौघं जाळीवर येतात, हाताच्या अंतरावरून एकमेकांच्या छातीवर चेंडू मारतात, आणि या सगळ्यात मास्तरांचं डोकं पट्टीच्या उंचीवर. चेंडू कानाजवळून सूं करून जायचा. मी वर बसून मान आखडून घ्यायचे. ते पापणीसुद्धा हलवायचे नाहीत.

मास्तरांच्या बाविसाव्या वर्षी दुहेरीच्या अंतिम सामन्याला मी पंच होते. सकाळी पंचांच्या खोलीत चहा प्यायला गेले तर मास्तर हातात पेला धरून माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करू लागले. बोलता बोलता माझं लक्ष गेलं. पेला काठोकाठ भरलेला आणि त्यांचं पहिलं बोट चहात बुडालेलं. मी म्हटलं, मास्तर, बोट. त्यांनी खाली पाहिलं, सावकाश बोट बाहेर काढलं, रुमालाला पुसलं. ते लालबुंद झालं होतं. थंडच आहे चहा, असं म्हणाले आणि दुसरीकडे वळले. त्याच किटलीतला माझा चहा मला अजून ओठाला लावता येत नव्हता.

मी तिथेच विचारायला हवं होतं. बदली माणूस होता, शंका आली तर माणूस बदलायचा नियम होता, आणि नियम सांगायला मी कुणाला घाबरत नाही. पण बावीस वर्षं पट्टीवर बोट ठेवणाऱ्या माणसाला 'तुमच्या बोटाला काही कळतं का' असं कुठल्या तोंडाने विचारायचं? मी मूग गिळून गप्प बसले. दुपारी ते स्टुलावर बसले, बोट पट्टीवर ठेवलं, आणि मी सामना सुरू केला.

एका बाजूला दोन तरणीबांड पोरं. दुसऱ्या बाजूला एक जुनी जोडी, त्यातला थोरला अडतीस वर्षांचा. खेळाडू त्याला आजोबा म्हणत. ही जोडी आधी तीन अंतिम सामने हरलेली, आणि हे आजोबांचं शेवटचं वर्ष, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सामना तिसऱ्या सेटच्या टायब्रेकपर्यंत गेला. सहा-पाच. जुन्या जोडीला एक गुण हवा, आणि सर्व्हिस आजोबांची.

त्याने चेंडू मारला आणि नेमकं त्याच क्षणी माझ्या मागे कुणीतरी दणकून शिंकलं. चेंडू मधल्या रेषेवर पडून निघून गेला. समोरच्या पोराची रॅकेट हललीसुद्धा नाही. आजोबांनी आपल्या जोडीदाराला उचललं, प्रेक्षक उभे राहिले. तेवढ्यात ते पोरगं हात वर करून म्हणालं, पट्टीला लागला होता. मी काही ऐकलं नव्हतं. मी खाली मास्तरांकडे पाहिलं.

त्यांनी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. त्या बोटावर कुणी शंका घेतली नसती. ते पोरगंही गपचूप हात मिळवायला गेलं असतं. मास्तरांनी बोट उचलून डोळ्यांसमोर धरलं.

"मला कळलं नाही," ते म्हणाले.

"म्हणजे लागला नाही?"

"तसं नाही. वर्ष झालं, या बोटाला काही कळत नाही. आतापर्यंत कानावर निभावलं. आज कानालाही कळलं नाही."

हे ते हळू बोलले नाहीत. पहिल्या चार रांगांना ऐकू गेलं असेल. आजोबा धावत आला आणि म्हणाला, यांचं बोट चुकत नाही, हे ओरडले नाहीत म्हणजे चेंडू लागला नाही. मास्तर त्याला म्हणाले, "तुझं नुकसान झालं, बाबा. पण मला माहीत नाही ते मी कसं सांगू?" मग 'मला बदला' असं मला म्हणाले आणि उठून दाराकडे चालू लागले.

मी गुण पुन्हा खेळायला सांगितला. प्रेक्षकांनी माझा उद्धार केला. बदली माणूस बोलवायला हवा होता, पण त्या स्टुलावर लगेच दुसऱ्या कुणाला बसवणं माझ्याच्याने झालं नाही. पट्टीवर कुणाचंच बोट नव्हतं. आजोबांनी पुन्हा सर्व्हिस केली. या वेळी कुणी शिंकलं नाही, मी जिवाचा कान केला होता, मला काहीही ऐकू आलं नाही. पोराने झेप घेतली, चेंडू हुकला. सामना संपला असं सांगायला मी तोंड उघडलं, तर आजोबांनी हात वर केला.

"चाटून गेला," तो म्हणाला. "मला दिसला."

अख्ख्या मैदानात ते त्याला एकट्यालाच दिसलं होतं. दाराशी पोचलेले मास्तर थांबले. तीस वर्षांत मी पुष्कळ टेनिस पाहिलं, पण त्या एका मिनिटासारखं काही पाहिलं नाही. मी सर्व्हिस पुन्हा घ्यायला लावली. जुन्या जोडीने तो गुण घालवला, पुढचे दोनही घालवले, आणि आठ-सहा अशी हरली. आजोबांचा चौथा अंतिम सामनाही गेला.

बक्षीस समारंभ टाकून मी मास्तरांना शोधत गेले. पंचांच्या खोलीबाहेरच्या बाकावर ते बसले होते. मी शेजारी बसले आणि कबूल केलं, की मला सकाळीच समजलं होतं, मी विचारायला हवं होतं, म्हणजे इतक्या लोकांसमोर ही वेळ आली नसती.

"बरं झालं विचारलं नाहीस, पोरी," मास्तर म्हणाले. "सकाळी विचारलं असतंस, तर मी खोटं बोललो असतो."